कोण किती लांब उभे आहे: एका गाण्याच्या मिक्समधील रिव्हर्बच्या नोंदी

५ ऑगस्ट

या गाण्याचे मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या मुद्रित ट्रॅकची एकत्र जुळणी, पुन्हा पहिल्यापासून करायचे आज ठरवले. गाणे साडेचार मिनिटांचे, संथ लयीचे, मिनिटाला ७२ ठोके. मुख्य आवाज, गिटार, पियानो, बासरी, बास, हलके ड्रम आणि कोरसचे दोन ट्रॅक एवढाच त्याचा पसारा आहे. पहिले मिक्स महिन्याभरापूर्वी पूर्ण केले होते आणि तेव्हा ते मनासारखे वाटले होते. काल रात्री ते ताज्या कानांनी ऐकले, तेव्हा गायिका बंद दारामागून गाते आहे असे वाटत राहिले. शब्द कळत होते, पण ते कोणी आपल्याला उद्देशून म्हणते आहे, असे जाणवत नव्हते. फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी) वर केल्यावर आवाज मोठा झाला, जवळ मात्र आला नाही.

प्रोजेक्ट उघडताच कारण समोर दिसले. बास सोडला तर प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र रिव्हर्ब, म्हणजे एखाद्या जागेचा कृत्रिम घुमारा, थेट बसवलेला होता: आवाजावर हॉल, गिटारवर रूम, बासरीवर त्याहून मोठा हॉल, पियानोवर भलतेच काही. यातला प्रत्येक रिव्हर्ब मी तो ट्रॅक सोलो करून, म्हणजे एकटाच वाजवून, निवडला होता, आणि सोलोमध्ये जवळजवळ कोणताही रिव्हर्ब सुंदरच वाटतो. एकत्र वाजताना मात्र सात माणसे सात निरनिराळ्या इमारतींत बसून एकच गाणे वाजवत आहेत, असा प्रकार झाला होता.

सर्व रिव्हर्ब काढून टाकले. यापुढे प्रत्येक निर्णयाआधी एकच प्रश्न विचारायचा: हे वाद्य ऐकणाऱ्यापासून किती लांब उभे आहे? रिव्हर्ब मुख्यतः अंतर सांगतो, आणि मी तो इतके दिवस रंगाचा शेवटचा हात फिरवावा तसा वापरत आलो.

६ ऑगस्ट

दिवसभर कोरडे, म्हणजे रिव्हर्बशिवायचे, मिक्स. फेडर, पॅन (डावी-उजवी जागा) आणि थोडे इक्यू (स्वरपट्टे कमी-जास्त करणे), बाकी काही नाही. गिटार आणि पियानो २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर चढत होते. ते पूर्वी रिव्हर्बच्या धुक्यात दडलेले होते. आता कोरड्या अवस्थेतच गाणे उभे राहते आहे.

९ ऑगस्ट

आज एक वेगळीच गोष्ट हाती लागली. मुख्य आवाजाचा ट्रॅक सोलो केला, त्यावर जोरदार कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारे साधन) लावून पातळी वर खेचली आणि ओळींच्या मधल्या जागा ऐकल्या. प्रत्येक ओळ संपल्यावर एक छोटा, खोक्यासारखा घुमारा ऐकू येत होता. म्हणजे मी रिव्हर्ब काढला होता तरी ट्रॅकमध्ये एक रिव्हर्ब शिल्लकच होता, आणि तो ज्या खोलीत ध्वनिमुद्रण झाले तिचा होता. तो कोणत्याही नॉबने काढता येत नाही. त्यावर मोठ्या हॉलचा रिव्हर्ब चढवला की ऐकणाऱ्याच्या कानाला एकाच वेळी दोन जागा सांगितल्या जातात, एक तीन-साडेतीन मीटरची आणि एक तीस मीटरची, आणि त्यातली लहान जागा आवाजाला अधिक घट्ट चिकटलेली असते. दाराआडून गाणे येत असल्याचा भास मुख्यतः यातून होत असावा.

खोली मोजून पाहिली: ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.८ मीटर उंच, म्हणजे सुमारे ३० घनमीटर. मध्यभागी उभे राहून टाळी वाजवली आणि ती मुद्रित केली. टाळीनंतरची पातळी २० डेसिबेलने उतरायला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे ६० डेसिबेलसाठी ०.६ सेकंद धरता येतील. ध्वनी ६० डेसिबेलने उतरायला लागणारा काळ हेच निनादकालाचे रूढ माप आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांच्या सूत्रात घनफळाला ०.१६१ ने गुणून खोलीतल्या एकूण शोषणाने भागले की हा काळ सेकंदांत मिळतो. माझ्या आकड्यांवरून उलट गणित केले, तर खोलीत ध्वनी पूर्ण शोषणाऱ्या जेमतेम ८ चौरस मीटर पृष्ठभागाइतके शोषण आहे. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहत असे. १८९५ पासून सेबाइन यांनी त्या सभागृहात नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या, त्या वाढवत नेल्या आणि दर वेळी ध्वनी विरायला लागणारा काळ मोजला. त्या गाद्यांची आज फार आठवण झाली, कारण मलाही उद्या तेच करायचे आहे.

टाळीनंतर एक झर्रकन धातूसारखी थरथरही ऐकू येते. ३ मीटर अंतरावरच्या समांतर भिंतींमध्ये ध्वनी ये-जा करतो. एका फेरीचे ६ मीटर आणि ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे दर साडेसतरा मिलिसेकंदांनी एक पुनरावृत्ती. मुद्रित टाळीच्या आलेखात ही शिखरे जवळजवळ त्याच अंतरावर दिसतात. एवढे दिवस जे नुसते कानाला खुपत होते, ते आज डोळ्यांनी पाहिले.

१० ऑगस्ट

आवाज पुन्हा मुद्रित केला. गायिकेच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड रजया टांगल्या, कारण मायक्रोफोन पुढून ऐकतो आणि गायिकेच्या मागच्या भिंतीवरून परतणारा ध्वनी थेट त्याच्या तोंडात शिरतो. मागच्या वेळी मायक्रोफोन ४० सेंटीमीटरवर होता, आज २० वर आणला. अंतर निम्मे झाले की थेट येणारा आवाज ६ डेसिबेलने वाढतो आणि खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. एकही पैसा न खर्चता मिळणारा हा सर्वांत मोठा फायदा आहे. इतक्या जवळून खर्ज फुगतो, तो नंतर इक्यूने उतरवता येतो. ‘प’ आणि ‘फ’ चे झोत टाळण्यासाठी पॉप फिल्टर लावला आणि मायक्रोफोन तोंडाच्या रेषेपासून थोडा बाजूला वळवला.

टाळीची चाचणी पुन्हा केली, तर ०.४ सेकंद भरले आणि थरथर गेली. रजयांचा उपयोग वरच्या आणि मधल्या पट्ट्यापुरताच आहे. २०० हर्ट्झची तरंगलांबी १.७ मीटर असते, तिच्यापुढे चार बोटे जाडीचे कापड काहीच नाही. आवाजासाठी एवढे पुरे आहे.

१४ ऑगस्ट

आता जागेची मांडणी. दोनच रिव्हर्ब, दोन्ही वेगळ्या सेंडवर (ट्रॅकमधला काही ध्वनी रिव्हर्बकडे नेणारी वाट), रिटर्नवर (तिथून परतणारी वाट) मिश्रण पूर्ण ओले, म्हणजे नुसता रिव्हर्ब. कोणत्याही ट्रॅकवर थेट काही नाही. पहिला छोटी खोली, निनादकाल ०.५ सेकंद, त्यात सुरुवातीची परावर्तने ठळक आणि शेपूट नावापुरती. यात बास आणि किक (ड्रममधला खर्जाचा मोठा ढोल) वगळता सगळे थोडे थोडे जातात, म्हणजे सर्वांना एक सामाईक जमीन मिळते. दुसरा प्लेट, निनादकाल १.८ सेकंद, मुख्यतः आवाज, कोरस आणि बासरी यांच्यासाठी.

हॉलऐवजी प्लेट का, याची नोंद करून ठेवतो. खरी प्लेट म्हणजे चौकटीत ताणून टांगलेला पोलादी पत्रा. १९५७ मध्ये जर्मनीत आलेल्या ईएमटी १४० या यंत्रात तो साधारण २ मीटर बाय १ मीटर होता. त्याला एका ठिकाणी कंपने द्यायची आणि इतर ठिकाणी बसवलेल्या पिकअपने ती उचलायची. पत्र्यात खोलीसारखी वेगवेगळी सुटी परावर्तने नसतात, घनदाट निनाद लगेच सुरू होतो, त्यामुळे प्लेट कोणत्याही विशिष्ट जागेचे चित्र उभे करत नाही. मला नेमके तेच हवे आहे. जागा छोट्या खोलीने आधीच सांगितलेली आहे, प्लेटने फक्त आवाजाच्या मागे लांबी द्यावी.

१५ ऑगस्ट

आज तासभर एका चुकीत गेला. कोरसचा फेडर खाली आणला तरी त्याचा घुमारा तसाच राहत होता. सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच ध्वनी उचलणारा, ठेवला गेला होता. पोस्ट-फेडर केल्यावर दोन्ही सोबत उतरू लागले. मात्र या चुकीतून एक उपयोगाचे मिळाले: शेवटच्या कडव्याच्या सुरुवातीला कोरस प्री-फेडरच ठेवून त्याचा कोरडा भाग हळूहळू उतरवला, तर गाणारे चालत दूर जात आहेत असे अगदी स्पष्ट ऐकू येते. ती जागा ऑटोमेशनने (फेडरची हालचाल नोंदवून आपोआप करवणे) तशीच ठेवली आहे.

१८ ऑगस्ट

आजचा दिवस प्री-डिलेचा, म्हणजे कोरडा ध्वनी आणि त्याचा रिव्हर्ब यांच्यामधल्या विलंबाचा. एकच ओळ घेतली, जिचा शेवट ‘वाटेवर’ या शब्दाने होतो, आणि ती निदान पन्नास वेळा फिरवून ऐकली.

प्री-डिले शून्य असताना ‘वा’ उच्चारल्याबरोबर प्लेट सुरू होते आणि ‘व’ ची कड तिच्यात विरघळते. गायिका चार पावले मागे गेल्यासारखी वाटते. २० मिलिसेकंदांवर कड किंचित मोकळी होते. ४० वर शब्द पुढे येऊन उभा राहतो आणि निनाद त्याच्या पाठीमागे उमलतो. ८० च्या पुढे निनाद शब्दापासून सुटतो आणि वेगळ्या ठोक्यासारखा ऐकू येऊ लागतो, विशेषतः ‘टे’ या अक्षरावर, कारण ‘ट’ चा आघात तीक्ष्ण आहे. स्वरांवर जे विलंब खपून जातात, ते अशा व्यंजनांवर लगेच उघडे पडतात. म्हणून प्री-डिले ठरवताना ओळीतला सर्वांत टोकदार व्यंजनाचा शब्द शोधावा आणि त्यावर कान ठेवावा.

कारण भूमितीत आहे. जवळची व्यक्ती मोठ्या जागेत बोलते तेव्हा तिचा आवाज थेट आपल्यापर्यंत आधी येतो आणि भिंतींवरून परतलेला बऱ्याच नंतर. दूरची व्यक्ती बोलते तेव्हा दोन्ही जवळजवळ सोबतच पोहोचतात. ४० मिलिसेकंद म्हणजे ध्वनीने सुमारे पावणेचौदा मीटर जास्त प्रवास केला. म्हणजे जवळची भिंतही सात मीटरवर आहे आणि गाणारी व्यक्ती माझ्यासमोर आहे, एवढे चित्र कानाला पुरते.

७२ च्या लयीत एक ठोका ८३३ मिलिसेकंदांचा असतो. त्याचे निम्मे निम्मे करत गेले की ५२ आणि २६ मिलिसेकंद येतात. लयीशी जुळणारे आकडे वापरावेत असे अनेक जण सुचवतात, म्हणून ५२ प्रामाणिकपणे लावून पाहिला, पण ‘ट’ वर तो मला किंचित सुटा वाटला. ४२ वर थांबलो. इतक्या लहान विलंबात लयीचा हिशेब कानाला मोजता येत नाही, तिथे व्यंजनांनाच प्रमाण मानावे असे माझे मत झाले आहे.

लयीचा खरा संबंध शेपटीच्या लांबीशी आहे. ओळीनंतर पुढची ओळ सुरू होईपर्यंत दोन ठोक्यांची, म्हणजे १.६७ सेकंदांची मोकळीक आहे. १.८ सेकंदांची प्लेट पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दाखाली पूर्ण विरते. २.५ केल्यावर पुढचा शब्द मागच्या शब्दाच्या पाण्यात उभा राहतो. १.८ कायम ठेवला.

बासरीसाठी उलट केले. तिला स्वतंत्र सेंडवरून प्री-डिले शून्य असलेली तीच प्लेट दिली, सेंड सढळ ठेवला आणि कोरड्या ट्रॅकवर ६ किलोहर्ट्झच्या वर ३ डेसिबेल उतरवले, कारण दुरून येणाऱ्या ध्वनीचा वरचा पट्टा आधी मावळतो. पातळी फारशी न बदलता बासरी गायिकेच्या बरीच मागे गेली. हा आजचा सर्वांत आनंदाचा क्षण होता.

२१ ऑगस्ट

‘स’ आणि ‘श’ प्लेटवर पडले की पत्र्यावर वाळू टाकल्यासारखा फवारा उडतो. आपल्या भाषेत ही अक्षरे ओळीओळीला येतात, तेव्हा हे टाळून चालणार नाही. मुख्य ट्रॅकवरचा डी-एसर (अशा अक्षरांची धार दाबणारे साधन) मी मुद्दाम हलका ठेवला आहे, नाहीतर उच्चार बोबडे होतात. म्हणून प्लेटच्या आधी, तिच्याच वाटेवर, दुसरा डी-एसर बसवला आणि तो जोरात दाबला. कोरडा ‘श’ जसाच्या तसा राहिला आणि त्याचा निनाद जवळजवळ नाहीसा झाला.

त्याच जागी इक्यू. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत म्हणजे रिव्हर्बकडे जाणाऱ्या ध्वनीतला ६०० हर्ट्झच्या खालचा आणि १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग आधीच गाळणे. ६०० हा आकडा ऐकायला फार वरचा वाटतो, पण तो लावल्यावर गिटार आणि पियानोच्या जागेतला सगळा चिखल निवळला. मी शेवटी ५०० आणि ८ किलोहर्ट्झवर स्थिरावलो, कारण या गायिकेच्या आवाजातली ऊब ५०० च्या आसपास आहे आणि ती निनादातही थोडी उरावी असे वाटते.

२४ ऑगस्ट

प्लेटच्या रिटर्नवर कॉम्प्रेसर लावला आणि त्याचा साइडचेन, म्हणजे केव्हा दाबायचे हे ठरवणारा इशारा, मुख्य आवाजाला जोडला. गायिका गात असताना प्लेट ३ डेसिबेलने दबते आणि ती थांबली की २५० मिलिसेकंदांत परत वर येते. त्यामुळे शब्द स्वच्छ राहतात आणि ओळींच्या मधल्या जागा भरलेल्या वाटतात. ६ डेसिबेल दाबून पाहिले, तर प्लेट श्वास घेतल्यासारखी हलताना ऐकू आली. तीनच बरे.

२५ ऑगस्ट

मधल्या वाद्यसंगीताच्या तुकड्यासाठी एका मोठ्या सभागृहाचा इम्पल्स रिस्पॉन्स कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये घालून पाहिला. खऱ्या जागेत स्वरपट्टीवर खालून वर सरकणारा ध्वनी वाजवून तिचा प्रतिसाद टिपतात, आणि मग आपला ट्रॅक त्या प्रतिसादातून नेतात. ध्वनी अतिशय खरा होता. तरीही काढून टाकला, कारण तो इतका खरा होता की गाणे त्या तुकड्यापुरते दुसऱ्या गावाला जाऊन आल्यासारखे वाटले.

२९ ऑगस्ट

मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐकले. प्लेट अपेक्षेहून कमी झाली. आवाज मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजूंचे कोरडे ध्वनी एकास एक मिळतात, पण रिव्हर्बच्या डाव्या-उजव्या बाजू परस्परांपासून भिन्न असल्याने त्यांची बेरीज तितकी भरत नाही, आणि आवाजाच्या तुलनेत निनाद साधारण ३ डेसिबेलने मागे पडतो. फोनच्या एका स्पीकरवर ऐकणाऱ्याला हेच मिक्स अधिक कोरडे मिळणार. ते मला मान्य आहे, शब्द तरी सुटत नाहीत. छोट्या खोलीच्या रिव्हर्बमध्ये मात्र गिटारचा रंगच बदलला, पोकळ झाला, म्हणून त्याची रुंदी निम्मी केली.

बास आणि किक पूर्ण कोरडे आहेत आणि तसेच राहतील.

२ सप्टेंबर

दोन दिवस गाणे अजिबात ऐकले नाही. आज आधी स्पीकरवर आणि मग हेडफोनवर ऐकले. स्पीकरवर माझ्या खोलीचा स्वतःचा निनाद मिसळतो, त्यामुळे तिथे रिव्हर्ब पुरेसा वाटतो की खोलीच तो पुरवते आहे, हे सांगणे कठीण असते; हेडफोनवर शेपूट उघडी पडते. सेंडची पातळी ठरवण्यासाठी माझी रीत अशी: सगळे वाजत असताना सेंड शून्यापासून वर न्यायचा, रिव्हर्ब आहे हे पहिल्यांदा जाणवेल तिथे थांबायचे आणि २ डेसिबेल खाली यायचे. मग रिटर्न म्यूट करून पाहायचा. म्यूट केल्यावर गाणे एकदम उघडे पडले, तर रिव्हर्ब आपले काम करतो आहे.

मग मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या अंतिम बेरजेवर, लिमिटर लावला आणि हे सगळे गणित थोडे विस्कटले. लिमिटर शिखरे ४ डेसिबेलने दाबतो आणि एकूण पातळी तेवढीच वर येते, म्हणजे शिखरांच्या मधली प्रत्येक हळू गोष्ट, शेपटीसकट, शिखरांच्या तुलनेत चढते. दोन्ही सेंड दीड डेसिबेलने उतरवावे लागले. यापुढे रिव्हर्बची अंतिम पातळी लिमिटर चालू ठेवूनच ठरवायची.

५ सप्टेंबर

ऑटोमेशनचा शेवटचा हात. कडव्यांत प्लेटचा सेंड १ डेसिबेलने कमी, धृवपदात मूळ जागी. शेवटच्या ओळीतल्या ‘वाटेवर’ च्या ‘वर’ वर सेंड ५ डेसिबेलने चढवला आणि फक्त त्या अक्षरांसाठी प्लेटचा निनादकाल ३.५ सेकंद केला, कारण त्यानंतर कोणी गात नाही आणि त्या शेपटीला जायला मोकळी जागा आहे. कोरडा आवाज संपतो तिथे गिटारची शेवटची तार अजून वाजत असते, मग तीही विरते आणि प्लेट एकटी उरते.

पहिल्या एक्सपोर्टमध्ये हाच शेवट कापला गेला होता, कारण फाइल शेवटच्या क्लिपच्या टोकाशी संपत होती. टोक ६ सेकंद पुढे नेले, फेडर वर करून शेपूट पार्श्वभूमीच्या सळसळीखाली जाईपर्यंत ऐकली आणि तिथे अर्ध्या सेकंदाचा फेड घातला. फाइल गायिकेकडे पाठवली आहे.